डच वॅक्स कापड आणि समकालीन कृष्णवर्णीय कला

डच वॅक्स : मेणरोधन पद्धतीने दोन्ही अंगांनी छापलेले, ठळक रंगांचे सुती कापड. पश्चिम व मध्य आफ्रिकेत ते रोजच्या आणि समारंभाच्या पेहरावासाठी वापरतात. जगभर त्याची ओळख ‘आफ्रिकी कापड’ अशी असली, तरी मूळ तंत्र जावाचे, गिरण्या हॉलंड व मँचेस्टर परिसरातील आणि गिऱ्हाईक आफ्रिकेतले, असा त्याचा प्रवास आहे. या विसंगतीमुळेच १९९० नंतर काही कृष्णवर्णीय कलावंतांनी ‘आपले कोणते आणि परके कोणते’ हा प्रश्न मांडण्यासाठी हे कापड हाती घेतले.

तंत्र : जावातील बाटिकमध्ये वितळलेले मेण तोटीच्या छोट्या उपकरणाने किंवा तांब्याच्या ठशाने कापडावर लावतात, मेणाखालचा भाग रंग धरत नाही. यांत्रिक पद्धतीत मेणाची जागा राळेने घेतली. कोरलेल्या तांब्याच्या रुळांतून जाताना कापडाच्या दोन्ही अंगांवर राळेची नक्षी एकाच वेळी, एकमेकींशी जुळवून उमटते. मग कापड निळीत बुडवतात. सुकलेली राळ तडकते, भेगांत नीळ शिरते आणि बारीक शिरांचे जाळे तयार होते. राळ काढताना तिचे काही कण चिकटून राहतात, तिथे पुढचा रंग बसत नाही व फिकट ठिपके राहतात. त्यामुळे एकाच ताग्यातले दोन वारही तंतोतंत सारखे नसतात. जावातील जाणकारांनी या भेगांना दोष मानले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र त्याच पसंत पडल्या. सुलटे अंग कोणते हे सांगता न येणे ही अस्सल मालाची खूण समजतात. दुसरी खूण काठावर असते : ‘गॅरंटीड डच वॅक्स’ अशी छापील ओळ. कित्येकजणी कापड शिवताना हा काठ मुद्दाम दिसता ठेवतात.

उगमाचा वाद : नेदरलँड्समधील हारलेम येथील कारखानदार प्रेव्हिनेअर यांनी बहुधा १८५० च्या दशकात ‘ला जाव्हानेझ’ नावाचे यंत्र चालू केले; नोटा छापण्याच्या यंत्रात फेरफार करून ते बनवले, असे सांगतात. हेलमंड येथील व्लिस्को ही कंपनी १८४६ मधील असली, तरी वॅक्सच्या व्यापारात ती सुरुवातीला आघाडीवर नव्हती. हा माल आफ्रिकेत कसा पोहोचला, याविषयी मतभेद आहेत.

एक मत सैनिकांचे. डचांनी १८३१ ते १८७२ या काळात गोल्ड कोस्टवरून (आजचा घाना) सुमारे ३,००० आफ्रिकी पुरुष भरती करून जावा-सुमात्रात पाठवले. तिथे त्यांना ‘बेलांदा हितम’ म्हणजे काळे डच म्हणत. परतलेले काही एल्मिना गावात स्थायिक झाले. तिथल्या टेकडीला आजही जावा टेकडी म्हणतात. त्यांनी पेट्यांतून आणलेल्या बाटिकमुळे ही आवड रुजली, अशी ही कथा आहे. कथा आकर्षक खरी, पण परतलेल्यांची संख्या थोडी, आणि व्यापाराने जोर धरला तो भरती थांबल्यावर सुमारे वीस वर्षांनी.

दुसरे मत ग्लासगोचे व्यापारी एबेनेझर ब्राऊन फ्लेमिंग यांना श्रेय देते. त्यांनी हारलेमचा माल १८९३ च्या सुमारास गोल्ड कोस्टवर नेला व स्थानिक आवडीप्रमाणे नक्षी बदलून घेतली. कागदोपत्री पुरावा या मताच्या बाजूने अधिक आहे. मात्र दोन्ही मतांत एक गोष्ट सुटते. या किनाऱ्यावर गुजरात व कोरोमंडलचे सुती कापड त्याआधी दोन शतके खपत होते, गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणूनही. शिवाय पाटणच्या पटोळ्यांची नक्षी जावाच्या बाटिकमध्ये केव्हाच उतरली होती. जमीन आधीच नांगरलेली होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

नावे : कारखान्यातून नक्षी आकड्याने ओळखली जाऊन येते, नाव मिळते ते बाजारात. घानातील एका नक्षीला ‘पैशाला पंख असतात’ म्हणतात. फ्रेंचभाषक देशांत उघड्या पिंजऱ्यातून उडणाऱ्या पक्ष्यांच्या नक्षीचे नाव ‘तू बाहेर गेलास तर मीही जाते’ असे आहे. ती नेसून नवऱ्यासमोर जाणाऱ्या बाईला वेगळे बोलावे लागत नाही. टोगोतील लोमे येथे घाऊक व्यापार करणाऱ्या ‘नाना बेंझ’ या स्त्रिया (मर्सिडीज गाड्यांवरून हे नाव) कोणती नक्षी छापायची यातही दखल देत. १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाचे मूल्य निम्म्यावर आल्याने त्यांचा धंदा खचला. पुढे स्वस्त चिनी नकला आल्या.

कलेतील वापर : या संदर्भात पहिले नाव यिंका शोनिबारे (जन्म लंडन, १९६२) यांचे येते. बालपण लागोसमध्ये गेले. परत लंडनला कलाशिक्षण घेताना, अस्सल आफ्रिकी कला का करत नाहीस, असे एका शिक्षकाने त्यांना विचारले. तेव्हा त्यांचे काम सोव्हिएत पेरेस्त्रोइकावर (गोर्बाचेव्हच्या काळातील सुधारणांवर) चालले होते. त्यानंतर ब्रिक्स्टनच्या बाजारात कापड घेताना त्याचा खरा उगम त्यांना कळला. ‘डबल डच’ (१९९४) मध्ये गुलाबी भिंतीवर कॅनव्हासऐवजी हे कापड ताणलेल्या ५० छोट्या चौकटी आहेत. ‘स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका’ (२००३) मध्ये आफ्रिकेच्या नकाशाभोवती व्हिक्टोरियन बेताचे कोट घातलेले १४ शिरविहीन पुतळे बसले आहेत. संदर्भ १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेचा, म्हणजे युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले त्या बैठकीचा. कोटांची शिलाई चोख, कापड मात्र बाजारातले. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २०१० मध्ये उभारलेल्या बाटलीतल्या जहाजाच्या ३७ शिडांवरही हीच नक्षी आहे; ते आता ग्रिनिचला आहे. ‘हे कापड आफ्रिकी नव्हेच’ असा सोपा निष्कर्ष यांतून काढला जातो. नाना बेंझचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी (जन्म एनुगू, नायजेरिया, १९८३, १९९९ पासून अमेरिकेत) घरगुती प्रसंगांच्या चित्रांत नायजेरियन मासिकांतील छायाचित्रे अॅसिटोनने कागदावर उतरवतात. आई डोरा अकुन्यिली यांची छबी असलेले स्मरणवस्त्रही (व्यक्तीच्या आठवणीसाठी छापलेले कापड) त्यांच्या चित्रांत दिसते. अशी स्मरणवस्त्रे बहुधा एकाच अंगाने छापलेली असतात. त्यांना वॅक्स म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक, पण समीक्षेत ते सर्रास आढळते. काँगोतील किन्शासाचे एडी कमुआंगा इलुंगा (जन्म १९९१) यांच्या चित्रांत रंगीत कापड पांघरलेल्या माणसांच्या त्वचेवर इलेक्ट्रॉनिक सर्किट कोरलेले असते. रोख इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या कोल्टन खनिजाच्या व्यापाराकडे. झांझिबारमध्ये जन्मलेल्या लुबैना हिमिद (टर्नर पारितोषिक हा ब्रिटिश कलापुरस्कार, २०१७) यांचा आधार वेगळा आहे : पूर्व आफ्रिकेतील बायका नेसतात तो कांगा. त्यावर स्वाहिली म्हण छापलेली असते, आणि तो भारतातही छापला जातो.

शोनिबारे यांच्या अलीकडच्या ‘विंड स्कल्प्चर’ मालिकेत वाऱ्याने फुगलेल्या शिडाचा आकार फायबरग्लासचा असून नक्षी त्यावर रंगवलेली आहे. कापड त्यात नाही.