एटीव्हीची चेन: घरी काय बनवायचं आणि विकतच काय घ्यायचं

नागाव, वरसोली, काशीद, दिवेआगर, जिथं जिथं किनाऱ्यावर एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या चार चाकांच्या उघड्या गाड्या) फिरतात तिथल्या आपल्या गाडीवाल्यांसाठी हे लिहितोय. ऐन सीझनला चेनमुळे गाडी उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा गेला, आणि पार्ट मागवला तर तो येईस्तोवर शनिवार-रविवार निघून जातो, म्हणून दुकानात आलं की बरेच जण विचारतात की यातलं घरच्या घरी काय जमेल. बरंच जमतं. फक्त एक नियम पक्का ठेवा: चेन ज्याच्यावर घासते ते प्लास्टिक घरी बनवा, आणि ज्याच्यावर ओढ येते ते लोखंड कायम विकतच घ्या.

आधी चेनचा नंबर बघा, कडीच्या बाजूच्या पट्टीवर ठोकलेला असतो, रॉकेलच्या फडक्याने पुसलं की दिसतो. ११०-१२५ सीसीच्या छोट्या गाड्यांना बहुतेक ४२८ नाहीतर ४२० असते आणि मोठ्या स्पोर्ट गाड्यांना ५२०. (मोठ्या फोर बाय फोरना चेन नसून शाफ्ट असतो, त्यांना यातलं काही लागू नाही.) ४२८ आणि ४२० चा पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) सेमच आहे, १२.७ मिमी, पण आतली रुंदी वेगळी, ४२८ ची साधारण ७.९ आणि ४२० ची ६.३५, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चढवू नका, एक दात्यावर बसणारच नाही आणि दुसरी डगडगत राहील.

ज्यांची ४२८ आहे त्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच बाइकना हीच चेन असते आणि ती तालुक्याच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळते, एटीव्हीची म्हणून वेगळी मागवायची गरजच नाही. चांगल्या कंपनीची घ्या, जुन्या चेनच्या कड्या मोजून तेवढीच ठेवा (आकडा समच येतो), जादा कड्या कापताना पिनचं डोकं ग्राइंडरने घासून पंचने पिन ठोका, डोळ्याला चष्मा लावूनच. ४२८एच घेतली तर पट्ट्या जाड असतात, म्हणून बसवल्यावर चाक हाताने फिरवून कुठं इंजिनच्या केसला घासत नाही ना ते बघा.

आता स्लायडर, म्हणजे स्विंगआर्मवरची (मागचा एक्सल धरणाऱ्या लोखंडी आर्मवरची) ती प्लास्टिकची पट्टी. वाळूत सगळ्यात आधी हीच जाते, आणि लोक दुर्लक्ष करतात कारण गाडी चालत राहते, पण पट्टी संपली की चेन सरळ स्विंगआर्मचं लोखंड कापायला लागते आणि मग वेल्डिंगचा खर्च. ही पट्टी भाजी कापायच्या प्लास्टिकच्या जाड बोर्डमधून मस्त बनते, तो बोर्ड बहुतेक पॉलिथिलीनचा असतो, गुळगुळीत, पाणी न पिणारा. साधारण १० मिमी जाडीचा घ्या. निळ्या ड्रमचं प्लास्टिक पण त्याच जातीचं, पण पातळ पडतं. जुनी पट्टी पुठ्ठ्यावर ठेवून आखून घ्या, हॅक्सॉने कापा, कडा कानसीने मारा. वाकवायची जागा असेल तर तुकडा उकळत्या पाण्यात ठेवून नरम करा आणि गार होईपर्यंत जागेवर दाबून धरा. भोकं पाडल्यावर वरून मोठ्या ड्रिलने खळगा करा, स्क्रूचं डोकं बोर्डच्या निम्म्याच्याही खाली गेलं पाहिजे. हे टाळू नका. पट्टी झिजत खाली आली आणि चेन स्क्रूच्या डोक्याला लागली तर चेन पण गेली आणि स्क्रू पण निघणार नाही. डोक्याच्या वर २-३ मिमी उरलं की दुसरी कापायला घ्या.

रोलरचं, म्हणजे चेन ज्याच्यावरून सरकते त्या छोट्या चाकाचं, तसंच. स्केटिंगचं चाक बऱ्याच गाड्यांना चालतं, आत ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, भोक ८ मिमी, बाहेरून २२, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टवर बसतं. आधी व्यास आणि रुंदी मोजून घ्या. बेअरिंग मात्र दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच टाका, २आरएस लिहिलेलं, पत्र्याच्या झाकणाचं खाऱ्या हवेत टिकत नाही. लेथवाल्याकडून नायलॉनचा रोलर करून घेणारे पण आहेत, चालतो, पण नायलॉन पाणी पिऊन फुगतं, त्यामुळे भोक एकदम टाइट ठेवलं तर पावसाळ्यात रोलर जाम होतो, थोडी मोकळीक ठेवायला सांगा.

चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी), कड्या, स्प्रॉकेट (दात्यांचं चाक) आणि स्प्रॉकेटचे बोल्ट यांच्यात जुगाड नको. लॉकच्या जागी खिळा, तार, तुटलेल्या कडीला वेल्डिंग, असली गाडी आमच्याकडे आली तर आधी ते काढायलाच सांगतो. मागे टुरिस्ट बसलेला असतो, कधी लहान पोर असतं, आणि स्पीडमध्ये चेन तुटली की कुठं आदळेल किंवा गुंडाळून चाक जाम करेल याचा नेम नाही. लॉक नवीनच घ्या, चेनच्याच नंबरचं, ओ-रिंग (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला ओ-रिंगचंच. लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे, उघडी बाजू मागे.

रोजच्या कामाचं म्हणाल तर संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा चेनवर नको, मीठ आणि वाळू उलट आत शिरते. आठवड्याला रॉकेल आणि ब्रश, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. पेट्रोल नको, ओ-रिंग खराब होतात आणि आगीची भीती वेगळी. सुकल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनला आतल्या बाजूने थोडं थोडं, अर्ध्या तासाने वरचं सगळं पुसून टाका. ग्रीस थापू नका, वाळू चिकटून पॉलिश पेपरसारखं घासतं. ब्रेक डिस्क मागच्या एक्सललाच असते, तिकडे तेल उडता कामा नये. आणि हे सगळं इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवत. चालू गाडीवर फडकं धरायचं नाही, बोटं जातात.

चेन संपली की नाही ते टेपने कळतं: चेन ताणून २० कड्या मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नवी ४२८ असेल तर २५४ मिमी, ५२० असेल तर ३१७.५. ४२८ मध्ये २५६-२५७ दिसायला लागलं की नवी आणून ठेवा, २५९ झालं की काढाच. ५२० ला हेच आकडे ३२१ आणि ३२४ धरा. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन हाताने ओढली आणि अर्धा दाता उघडा दिसला तरी तेच समजा. दाते वाकडे झाले असतील तर सेट बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की तीही लवकर जाते. चेनची ढील गाडीच्या पुस्तकात असेल तेवढी, पुस्तक नसेल तर मधोमध २५ ते ३५ मिमी, आणि चाक फिरवून जिथं सगळ्यात टाइट लागेल तिथं मोजायची.

पट्टी किंवा रोलर बनवताना अडलं तर जुना तुकडा, कितीही झिजलेला असला तरी, बोल्टसकट दुकानात घेऊन या आणि चेनच्या नंबरचा फोटो पण काढून आणा. बोर्डचा तुकडा तुमचा असेल तर आखून आणि भोकं पाडून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.