टुटू

टुटू : बॅले नर्तिकेचा जाळीदार कापडाच्या अनेक थरांचा घागरा. व्यापक अर्थाने घागरा आणि त्याला जोडलेली घट्ट चोळी मिळून होणाऱ्या संपूर्ण पोशाखालाही टुटू म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन : पोटरीपर्यंत घंटेसारखा उतरणारा ‘रोमँटिक’ टुटू आणि कमरेपासून थाळीसारखा आडवा पसरणारा ‘क्लासिकल’ टुटू. टुटू हा शब्द फ्रेंच आहे आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. लहान मुलांच्या बोलीतल्या ‘ढुंगण’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. काही जण त्याचा संबंध ‘ट्यूल’ या कापडाच्या नावाशी जोडतात. फ्रान्समधल्या ट्यूल या गावावरून त्या कापडाला हे नाव मिळाले.

टुटू शोभेसाठी जन्मला असे आज वाटते, पण त्याची लांबी दरवेळी ठरली ती पायांच्या कामावरून. अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नर्तिका दरबारी स्त्रियांसारखे जमिनीला टेकणारे जड, घेरदार झगे घालून नाचत. मारी कामार्गो या नर्तिकेची उडी जलद होती आणि हवेत पाय एकमेकांवर झटपट फिरवण्यात ती पुरुषांच्या तोडीची होती. ते काम झग्याखाली झाकले जाऊ नये म्हणून तिने झगा घोट्याच्या वर नेला. फरक चार बोटांचाच होता, पण त्या काळी त्याचा गवगवा झाला.

टुटूची खरी सुरुवात १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये झाली, असे मानले जाते. त्या रात्री मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत वायुकन्येच्या भूमिकेत रंगमंचावर आली. नृत्यरचना तिचे वडील फिलिप्पो यांची होती. पोशाखाचे श्रेय चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते. अंगासरशी चोळी, उघडे खांदे, पाठीवर इवले पंख आणि पोटरीपर्यंतचा पांढरा, तरल घागरा असे ते रूप होते. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिलेली ही नर्तिका जमिनीची वाटतच नव्हती. या पोशाखामागे दोन यंत्रांचा हात आहे आणि नृत्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. इंग्लंडच्या जॉन हीथकोट यांनी १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यामुळे हाताने विणावी लागणारी महागडी जाळी थानांनी मिळू लागली. पुढे १८१६ मध्ये यंत्रविरोधी कारागिरांनी त्यांचा लाफबरो येथील कारखाना फोडला आणि त्यांनी आपला व्यवसाय डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनला हलवला. दुसरे यंत्र म्हणजे गॅसचा दिवा. पॅरिसच्या ऑपेरात तो १८२२ मध्ये आला. त्याची ज्योत कमीजास्त करता येत असल्याने रंगमंचावर चांदणे पाडता येऊ लागले. त्या निळसर उजेडात पांढऱ्या जाळीचे थर धुक्यासारखे दिसत. ‘जिझेल’ या बॅलेमधील (१८४१) प्रेतात्म्यांचा नाच याच जाळीच्या आणि याच उजेडाच्या बळावर उभा राहिला.

ज्या दिव्याने हे सौंदर्य दाखवले त्यानेच बळीही घेतले. खळ दिलेले सुती जाळीदार कापड क्षणात पेट घेते. लंडनमध्ये १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर ही नर्तिका रंगमंचावरच भाजली आणि काही दिवसांत वारली. कापड न पेटावे म्हणून क्षारांच्या द्रावणात बुचकळण्याची रीत फ्रान्समध्ये निघाली होती, पण त्याने कापड ताठर आणि मळकट होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्हरी हिने तसा घागरा घालायला लेखी नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी घागरा सारखा करताना तो गॅसच्या ज्योतीजवळ गेला आणि पेटला. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवले आहेत. तिचा नकार हा हट्ट होता असे लिहिणारे पुष्कळ आहेत. पण जिची सारी कला वजन नसल्याचा भास निर्माण करण्यात होती, तिच्यापुढे ताठर कापड की आग एवढाच पर्याय ठेवला गेला, हेही लक्षात घ्यायला हवे.

फ्रेंच चित्रकार एदगार दगा यांच्या चित्रांमुळे टुटू नाट्यगृहाबाहेरच्या लोकांच्या डोळ्यांत बसला. त्यांनी १८८१ मध्ये मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्याला खऱ्या कापडाचा घागरा नेसवलेला होता. पुतळ्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गूथेम ही धोबिणीची मुलगी होती. ऑपेरातल्या अशा गरीब मुलींभोवती पैसेवाले वर्गणीदार घुटमळत. आज परीकथेतला वाटणारा हा घागरा त्या मुलींच्या दृष्टीने पोटापाण्याचा होता.

थाळीसारखा टुटू इटालियन तंत्रातून आला. मिलानमध्ये तयार झालेल्या नर्तिकांच्या गिरक्या आणि तोल इतके अवघड झाले की गुडघा आणि मांडीही दिसणे गरजेचे ठरले. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली, तेव्हा तिने तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. पुढे पिएरिना लेन्यानी हिने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. लांब घागऱ्यात त्या नीट मोजताही आल्या नसत्या. आखूड टुटूत लपायला जागा नसते. पाय जरा चुकला की घागऱ्याची कड थरथरते आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते कळते. जोडीदार पुरुषालाही वेगळे शिकावे लागते, कारण आडव्या घागऱ्यामुळे तो नर्तिकेच्या अगदी जवळ उभा राहू शकत नाही आणि तिची पावले त्याला दिसत नाहीत.

असा टुटू शिवणे ही स्वतंत्र विद्या आहे. आत चड्डी असते आणि तिच्यावर जाळीच्या चुणीदार झालरी एकीवर एक शिवतात. खाली सर्वांत आखूड, वर सर्वांत रुंद, अशा दहा-बारा किंवा त्याहून अधिक झालरी असतात. मधल्या एका थरात पोलादी तारेचे कडे ओवतात. मग थर एकमेकांना हाताने सैल टाके घालून बांधतात. टाका घट्ट पडला तर घागरा पुठ्ठ्यासारखा होतो आणि फार सैल पडला तर लोंबतो. चोळीच्या पाठीला हुकांच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात, कारण एकच पोशाख वर्षानुवर्षे वेगवेगळ्या अंगाच्या नर्तिका घालतात. प्रयोग संपल्यावर टुटू उलटा टांगतात, म्हणजे झालरी खाली पडत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये नृत्यरचनाकार बालांशीन यांच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेसाठी तारेचे कडे काढून टाकले आणि थर कमी करून पावडरच्या पफसारखा मऊ टुटू केला. कारण व्यवहाराचे होते : मंचावर नर्तिकांची गर्दी झाली की ताठ थाळ्या एकमेकींवर आदळत. चोळीच्या बाजूचे तुकडे त्यांनी तिरक्या धाग्यावर बेतले, म्हणजे श्वास घेताना कापड ताणले जाई.

विसाव्या शतकात टुटू जगभर पोहोचवण्यात रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हा यांचा वाटा मोठा आहे. मरणाऱ्या हंसाचा पांढरा टुटू आणि त्यांचे नाव वेगळे काढता येत नाही. त्या १९२० च्या दशकात भारतातही येऊन गेल्या. उदय शंकर १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ नाचले. पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मॅडम मेनका यांनाही पाव्हलोव्हांचे प्रोत्साहन लाभले. टुटूची ही सम्राज्ञी भारतीय कलावंतांना मात्र आपलेच नृत्य शोधायला सांगत होती, ही गोष्ट फार मोलाची आहे.

फॅशनने टुटूतून जाळीचा ढग उचलला आणि पाय सोडून दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होते आणि ते १९४९ पर्यंत चालले. त्या टंचाईच्या काळात पॅरिसचे वेशरचनाकार क्रिस्तियाँ दिओर यांनी १९४७ मध्ये बारीक कंबर आणि प्रचंड घेर असलेली वस्त्रे आणली. त्यांचा फुललेला आकार रोमँटिक टुटूच्या जवळचा होता. पोटरीपर्यंतच्या पार्टी झग्याला ‘बॅलेरिना लांबी’ असे नावच पडले. नायलॉनच्या स्वस्त जाळीमुळे तसा झगा सामान्य मुलीच्याही आवाक्यात आला.

बंडखोर वळण १९८० च्या दशकात आले. ब्रिटिश वेशरचनाकार व्हिव्हियन वेस्टवुड यांनी १९८५ मध्ये व्हिक्टोरियन कडीदार घागरा आणि टुटू यांचा मेळ घालून आखूड ‘मिनी-क्रिनी’ केला. त्याची प्रेरणा ‘पेत्रूश्का’ बॅलेतून आली होती. गायिका मॅडोनाच्या प्रभावाने मुली जाळीचा घागरा फाटक्या मोज्यांवर आणि बुटांवर घालू लागल्या. दूरचित्रवाणीवर १९९८ मध्ये ‘सेक्स अँड द सिटी’ ही मालिका सुरू झाली. तिच्या आरंभदृश्यातील पांढरा झालरदार घागरा वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्ड यांना स्वस्त मालाच्या टोपलीत पाच डॉलरला मिळाला होता. तोच २०२४ मध्ये लिलावात ५२,००० डॉलरला गेला.

या साऱ्या प्रवासात मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळ पोहोचला तो २०१८ च्या अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेतील सेरेना विल्यम्स यांचा टुटू. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेत त्यांनी घातलेला अंगासरशी काळा पोशाख पुढे चालणार नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. त्यानंतर वेशरचनाकार व्हर्जिल अब्लोह यांनी केलेला जाळीचा घागरा घालून त्या कोर्टावर उतरल्या. घागऱ्याखाली पुन्हा एकदा राबणारे, ताकदवान पाय होते आणि ते सर्वांना दिसत होते.

पुरुषांनीही टुटू घातला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ले बॅले त्रोकादेरो’ या मंडळीत सर्व भूमिका पुरुष करतात. त्यांचा विनोद टिकतो, कारण त्यांचे तंत्र खरे असते. छायाचित्रकार बॉब केरी यांनी स्तनांचा कर्करोग झालेल्या आपल्या पत्नीसाठी गुलाबी टुटूतील स्वतःची छायाचित्रे काढली आणि त्यातून रुग्णांसाठी निधी उभा राहिला.

आपल्याकडे टुटू हा शब्द मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकपुरता ऐकू येतो. पण त्या घराण्याची ताठ जाळी भारतातल्या लग्नसराईत सर्वत्र आहे. लेहंगा फुगून उभा राहावा म्हणून शिंपी त्याच्या अस्तराखाली जाळीचे थर लावतात आणि त्याला ‘कॅनकॅन’ म्हणतात. हे नावही पॅरिसच्याच एका नाचाचे आहे.