मिशनरींची आपत्काळातील देखभाल (नाशिक)

युद्ध, दंगल, दुष्काळ, साथ किंवा सरकारी हुकूम यांमुळे ख्रिस्ती धर्मसेवकाचे काम आणि घर एकाच वेळी मोडते, तेव्हा त्याला व त्याच्या कुटुंबाला आसरा, पैसा, औषधपाणी आणि मानसिक आधार देणे, तसेच पुढे काय करायचे हे ठरवताना सोबत राहणे, याला मिशनरी-देखभाल म्हणतात. मिशनसंस्थांत आता ‘मेंबर केअर’ हा शब्द रुळला आहे. मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) माणसे ‘सेवकांची काळजी’ असे साधे म्हणतात, आणि तेच अधिक नेमके आहे.

या प्रथेचा आधार बायबलमध्ये आहे. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात जिवाच्या भीतीने पळालेला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. प्रेषित पौल कैदेत असताना फिलिप्पै शहरातल्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली. हा एपफ्रदीत तिकडे मरणाच्या दारी गेला, तेव्हा पौलाने त्याला घरी परत पाठवले आणि त्याचा मान राखा असे मंडळीला लिहिले. काळजी घेणाराही थकतो, त्यालाही परत फिरायची मुभा हवी, ही गोष्ट त्या पत्रात आहे. पुढच्या काळात संस्था ती वारंवार विसरल्या.

नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन मिशनसंस्थेचे काम १८३२ मध्ये सी. पी. फरार यांनी सुरू केले. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. शरणपूर रोड म्हटले की आज दुकाने आणि रहदारी डोळ्यांसमोर येते, पण नावातला ‘शरण’ शब्दशः घ्यायचा आहे. बाप्तिस्मा घेतला की घर, भाऊबंद आणि पोटापाण्याचा धंदा तिन्ही सुटत. अशा माणसाला राहायला छप्पर आणि हाताला काम लागे, म्हणून तिथे शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. पुढे धर्मसेवक झालेल्या अनेकांनी पहिली उलथापालथ अशी स्वतःच्या घरातच सोसलेली असे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतर लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा होईपर्यंत सुमारे पाच वर्षे गेली. त्या काळात त्यांना नातलगांनी सांभाळले. नवऱ्याचा नवा धर्म न पटलेल्या माणसांनी घेतलेली ती काळजी देखभालीच्या इतिहासात मोजली पाहिजे.

शरणपुराची दुसरी गोष्ट आफ्रिकेपर्यंत जाते. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच शरणपूरच्या आश्रमात वाढली. परदेशी कागदपत्रांत त्यांचे नाव ‘नासिक बॉइज’ असेच येते. १८६५ मध्ये आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी व शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आले आणि त्यांच्यातल्या नऊ जणांना आपल्या मोहिमेसाठी निवडून गेले. १८७२ मध्ये जेकब वेनराइट आणि आणखी काही जण मागाहून पाठवले गेले. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी (आजच्या झांबियात) लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडाच्या खोडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग लिव्हिंग्स्टन यांचे जुने आफ्रिकी सोबती चुमा आणि सुसी यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी तो देह सुमारे नऊ महिने चालत समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. संकटात सापडलेल्या मिशनऱ्याची याहून मोठी सेवा क्वचितच कोणी केली असेल, आणि ती करणारा तरुण नाशिकला शिकलेला होता. लहानपणी गुलामीतून सुटून आलेल्या या मुलांनी स्वतः काय सोसले, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले.

दोन महायुद्धांत प्रश्न उलटा झाला. जर्मन मिशनरी एका रात्रीत शत्रुदेशाचे नागरिक ठरले. पहिल्या महायुद्धात पुणे धर्मप्रांतातील जर्मन जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंना नजरकैद किंवा मायदेशी रवानगी सोसावी लागली. नाशिकचे कॅथलिक तेव्हा याच धर्मप्रांतात होते (नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये वेगळा झाला). मोकळ्या पडलेल्या जागा पुढे स्विस जेझुइटांनी सांभाळल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिकांना आधी अहमदनगरला, मग १९४१ मध्ये काही काळ नाशिकशेजारच्या देवळालीच्या छावणीत आणि तिथून देहरादूनला ठेवले गेले. त्यांत मिशनरीही होते. पुरंदर आणि सातारा इथे कुटुंबांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. ज्यांचे चालक असे कैदेत गेले, त्या कामांना ‘अनाथ मिशने’ म्हणत. आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेने त्यांच्यासाठी निधी गोळा केला, ज्यात कालच्या शत्रुदेशांतल्या मंडळ्यांनीही भर घातली. छोटा नागपूरच्या (आजच्या झारखंडमधल्या) गॉस्नर मिशन या जर्मन मिशनची कथा याहून बोलकी आहे: जर्मन मिशनरी गेल्यावर तिथल्या मंडळीने १९१९ मध्ये स्वतःचा कारभार स्वतःकडे घेतला.

परदेशी साहेबाला बोटीचे तिकीट मिळे. प्रचारक, बायबलबाई (घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी) आणि शाळामास्तर जागच्या जागी राहत. संस्थांच्या अहवालांत साहेबाचा ताप तारखेनिशी सापडतो, बायबलबाईचे पुष्कळदा नावही सापडत नाही. या विषयातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

आता चित्र बदलले आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांत काम करणारे बहुतेक सेवक भारतीयच आहेत, काही दक्षिणेतून किंवा ईशान्येतून आलेले. त्यांना परत जायला दुसरा देश नाही. डिसेंबर १९९८ मध्ये सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांग जिल्ह्यात नाताळच्या सुमारास प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. पुढच्याच महिन्यात ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स २००४ पर्यंत तिथल्याच बारिपद्यात कुष्ठरुग्णांच्या कामात राहिल्या. थांबायचे की निघायचे हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा आणि दोन्हींपैकी कशालाही भ्याडपणा वा वेडेपणा म्हणू नये, हा या क्षेत्रातला आता मान्य झालेला नियम आहे.

प्रत्यक्ष काम संकटाआधीच सुरू होते. निघायचे झाले तर कोणी कोणाला फोन करायचा, मुले कुठे जातील, कागदपत्रे कुठे आहेत, पगार किती महिने चालू राहील, हे लिहून ठेवावे लागते. यादीत सेवकाबरोबर त्याचा ड्रायव्हर आणि शेजारच्या पाड्यावरचा प्रचारक यांची नावे असली तरच ती यादी कामाची. संकटानंतरच्या पहिल्या दिवसांत झोप, जेवण, घरच्यांशी बोलणे आणि शांत खोली एवढे पुरते. घडलेले सगळे लगेच बोलायला लावल्याने उलट त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही बोलण्याची सक्ती करू नका असेच सांगितले आहे. माणूस बोलू लागला की त्याच्याच भाषेत ऐकायचे. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोळा लागत नाही’, ‘प्रार्थनेला बसवत नाही’ अशा शब्दांत तो सांगतो. शेवटचे वाक्य सेवकाच्या तोंडून सहजी निघत नाही, कारण ते अविश्वासाची कबुली वाटते. ऐकणाऱ्याने ते आजारपणासारखे ऐकावे लागते. पत्नीशी वेगळे बोलावे. अनेक घरांत बाहेरचा धोका नवऱ्याने पाहिलेला असतो आणि दाराशी आलेला जमाव तिने एकटीने.