आवेमागचा अमीबा: आतडं पोखरणाऱ्या एन्झाइमांचा शोध कसा लागला

कृष्णेचं पाणी गढूळ झालं की सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत मुरडा घेऊन येणारे वाढतात. पोटात कळ, सारखं शौचाला जावंसं वाटणं, शेमेबरोबर रक्त. ‘आव पडली’ म्हणतो आपण. डॉक्टर शौचाची तपासणी करायला सांगतात आणि अहवालात अनेकदा एक ओळ येते, ‘एंटअमीबा हिस्टॉलिटिकाच्या सिस्ट आढळल्या’. म्हणजे आव करणाऱ्या अमीबाची कवचातली रूपं. त्या ओळीवर गोळ्या सुरू होतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशीच दिसणारी आणखी एक जात आहे, एंटअमीबा डिस्पार. ती आतड्यात महिनोन्महिने राहते आणि काहीही बिघडवत नाही. या दोघींना वेगळं ओळखता आलं ते त्यांच्या एन्झाइमांमुळे, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरं म्हणतात त्यांच्यामुळे. त्याला शंभरहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात १८७५ साली सेंट पीटर्सबर्गला झाली. फ्योदोर ल्योश या डॉक्टरला आवेच्या एका रुग्णाच्या शौचात हलणारे अमीबा दिसले. १८८३ मध्ये कॉलऱ्याच्या तपासासाठी इजिप्तला गेलेल्या रॉबर्ट कॉखला ते मृतांच्या आतड्याच्या भिंतीत आढळले. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या काउन्सिलमन आणि लाफ्लर यांनी अमीबाची आव आणि यकृतातला गळू यांचं नातं सविस्तर मांडलं. त्यानंतर तीनच वर्षांनी मिरजेत विल्यम वानलेस यांचं मिशन रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे मिरजेच्या वैद्यकीय परंपरेचं आणि या आजाराच्या शास्त्राचं वय जवळपास एकच आहे. १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिन याने जातीला आजचं नाव दिलं. तो १९०६ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

पुढचा प्रयोग मनिलाचा, आणि तो वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. १९१३ मध्ये वॉकर आणि सेलार्ड्स यांनी तुरुंगातल्या २० माणसांना अमीबा खाऊ घातले. माणसं स्वेच्छेने आली होती असं नोंदलं आहे, पण तुरुंगातल्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा प्रश्न उरतोच. १८ जणांना संसर्ग झाला, आव झाली फक्त चौघांना. अमीबा पोटात असणं आणि आजार असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून उघड झालं. का वेगळ्या, ते कळेना. १९२५ मध्ये एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सरळ सांगितलं की या दोन निराळ्या जाती आहेत, एक रोग करणारी, दुसरी न करणारी. दिसायला दोन्ही एकसारख्या असल्याने त्याचं म्हणणं बहुतेकांनी बाजूला सारलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली दुर्लक्षाची गोष्ट आहे.

ब्रुम्प्टला पुरावा देता आला नाही, कारण तेव्हा अमीबा प्रयोगशाळेत वाढवायचा म्हणजे बरोबर जिवाणूही वाढवावे लागत. बाटलीत जे एन्झाइम सापडेल ते अमीबाचं की जिवाणूंचं, हे कोण सांगणार? १९६१ मध्ये लुईस डायमंडने जिवाणूंशिवाय, एकटा अमीबा वाढवून दाखवला, आणि त्यानंतरच त्याची रसायनं नि:शंकपणे मोजता येऊ लागली. १९७८ मध्ये लंडनच्या सार्जेंट आणि विल्यम्स यांनी ठिकठिकाणच्या रुग्णांमधले अमीबा घेऊन त्यांची एन्झाइमं विजेच्या प्रवाहात जेलवर धावडवली. हेक्सोकायनेजसारख्या अगदी रोजच्या कामाच्या एन्झाइमांचे पट्टे दोन ठिकाणी उमटले. आजारी माणसांचे अमीबा एका नमुन्यात बसले, निरोगी वाहकांचे बहुतेक दुसऱ्यात. ब्रुम्प्ट बरोबर होता. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन जाती अधिकृतपणे वेगळ्या केल्या.

हेक्सोकायनेजने ओळख पटवली, पण आतडं फोडणारी एन्झाइमं वेगळीच आहेत. सिस्ट पाण्यातून किंवा भाजीतून पोटात जाते, लहान आतड्यात फुटते आणि मोकळा झालेला अमीबा मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असतो. त्याचा कणा म्हणजे म्युसिन नावाचं प्रथिन, अंगभर साखरेच्या साखळ्यांनी झाकलेलं. उसाचं कांडं सोलल्याशिवाय गराला दात लागत नाही, तसंच इथे. अमीबा आपल्या पृष्ठभागावरच्या लेक्टिनने, म्हणजे साखरेला धरणाऱ्या प्रथिनाने, थराला चिकटतो, काही एन्झाइमं साखरेच्या साखळ्या काढतात आणि मग सिस्टीन प्रोटिएज जातीची एन्झाइमं उघडं पडलेलं प्रथिन कापतात. जाळं सैल होतं. खालच्या पेशींना धरून ठेवणारं कोलॅजनसारखं द्रव्यही याच एन्झाइमांना बळी पडतं. शरीराने पाठवलेली प्रतिपिंडं ती चिरतात, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांनाही सोडत नाहीत. पेशीला भिडल्यावर अमीबा जिवंतपणीच तिचे लचके तोडतो, हे २०१४ मध्ये विल्यम पेट्री यांच्या गटाने दाखवलं. अशा जखमा खोल गेल्या की अमीबा रक्तात शिरतो आणि यकृतात पोचतो.

२००५ मध्ये अमीबाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा अशा प्रोटिएजची जवळपास ५० जनुकं निघाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अमीबात मात्र बहुतेक काम तिघांकडेच असतं, सीपी-१, सीपी-२ आणि सीपी-५. डिस्पारमध्येही प्रोटिएज आहेतच, पण सीपी-५ चं जनुक तिच्यात मोडकं आहे, त्यातून एन्झाइम तयार होत नाही. १९९९ मध्ये इस्रायलच्या मिरेलमन यांच्या गटाने हिस्टॉलिटिकातली ही एन्झाइमं दाबली, तर हॅमस्टरच्या यकृतात गळू होण्याचं प्रमाण खूप घटलं. माणसात एकट्या सीपी-५ वर सगळं ठरतं असं म्हणणं मात्र घाईचं होईल.

औषधांची गोष्ट यापेक्षा जुनी. पाटण-कोयनेच्या डोंगरातल्या कुड्याची साल आवेवर पिढ्यान् पिढ्या दिली जाते. तिच्यातलं कोनेसीन हे द्रव्य एकेकाळी अमीबाविरुद्ध औषध म्हणून वापरलंही गेलं. १९१२ मध्ये कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्सने एमेटिनची इंजेक्शनं सुरू केली. त्याने जीव वाचत, पण हृदयावर ताण येई. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि चित्र पालटलं. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या अमीबाजवळ ऊर्जा बनवायची जी एन्झाइमं असतात, तीच तिला विषारी रूप देतात. आपल्या पेशींत ती नसल्यामुळे आपण सुखरूप राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. अशा पुरात आड, बोअर आणि गटारं एक होतात आणि गावोगाव टाक्यांत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर पडते. ती जिवाणू मारते. अमीबाच्या सिस्ट मात्र नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, त्यासाठी पाणी उकळायलाच हवं.

अहवालातल्या त्या ओळीबद्दल १९९७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगून ठेवलं आहे. नुसत्या सूक्ष्मदर्शकावरून ‘हिस्टॉलिटिका किंवा डिस्पार’ एवढंच लिहावं, आणि त्रास नसलेल्या माणसाला केवळ त्यासाठी औषध देऊ नये. हलत्या अमीबाच्या पोटात लाल रक्तपेशी दिसल्या तर हिस्टॉलिटिकाचा संशय बळावतो. शौचातल्या अँटिजेनची चाचणी किंवा पीसीआर दोघींना वेगळं करू शकते, मात्र अँटिजेनचा संच हिस्टॉलिटिकापुरताच आहे ना, हे विचारून घ्यावं. हिस्टॉलिटिका नक्की झाला, तर त्रास नसला तरी उपचार हवाच, कारण तो पुढे केव्हाही भिंतीत शिरू शकतो. मेट्रोनिडाझोल आतड्याच्या पोकळीतल्या सिस्ट पुरत्या संपवत नाही. म्हणून तिच्यानंतर डायलॉक्सानाइडसारखं दुसरं औषध दिलं जातं, आणि मुरडा थांबला म्हणून ते अर्ध्यावर सोडायचं नसतं.