रॉ छायाचित्रांचे जेपेग रूपांतर

रॉ छायाचित्रांचे जेपेग रूपांतर : डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाने नोंदवलेल्या कच्च्या प्रकाशमापनांपासून फोन, संगणक, छपाईयंत्र अशा कुठेही उघडणारी, जेपेग या आकसलेल्या फाइल-स्वरूपातली प्रतिमा तयार करण्याची प्रक्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मराठी छायाचित्रकार तिला नुसते ‘जेपीजी करणे’ म्हणतात. ‘रूपांतर’ ही संज्ञा रूढ असली तरी काटेकोर नाही. रॉ फाइल ही अजून चित्रच नसते, त्यामुळे फिल्मच्या काळातला ‘डेव्हलप करणे’ हाच शब्द इथे अधिक नेमका ठरतो. इंग्रजीत ‘रॉ’ पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापतात, म्हणून ते आद्याक्षरांचे लघुरूप वाटते. प्रत्यक्षात तो ‘कच्चा’ या अर्थाचा साधा शब्द आहे.

बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकाचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. ईस्टमन कोडॅकचे ब्राइस बायर यांच्या रंगजाळीत (पेटंट १९७६) दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा, एक तांबडा आणि एक निळा टिपतो. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तयार चित्रातील दोन तृतीयांश रंगमूल्ये मोजलेली नसून काढलेली असतात. एकच फाइल दोन संगणक प्रणालींत उघडली की पैठणीचा काठ वेगळा दिसतो, त्याचे हे एक कारण.

जेपेगचा उगम कोणत्या वर्षी धरावा, यावर एकमत नाही. ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले तो तज्ज्ञगट १९८६ मध्ये स्थापन झाला, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने मानक १९९२ मध्ये मान्य केले आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते १९९४ मध्ये स्वीकारले. तिन्ही वर्षे आढळतात; त्यांपैकी १९९२ अधिक ग्राह्य वाटते. जेपेगच्या मुळाशी असलेले विविक्त कोज्या रूपांतर (डीसीटी; चित्राची ठळक आणि बारीक चढउतारांत विभागणी करणारे गणित) त्याहून जुने. नासिर अहमद यांना ही कल्पना १९७२ च्या सुमारास सुचली असे सांगतात, पण टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला निबंध जानेवारी १९७४ चा असल्याने तेच वर्ष धरणे सुरक्षित. अहमद यांचा जन्म १९४० चा, बंगळूरचा. जेपेगच्या पद्धतीत चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देतात. टाकलेले परत मिळत नाहीत.

रॉमध्ये १४ बिटांची नोंद असेल तर प्रत्येक बिंदूला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाला २५६. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिरात (इ. स. १२०४ च्या सुमारास) हा फरक उघड दिसतो. दाराबाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख्या मंडपाच्या छताचे दगडी कमळ. दारातला उजेड जपून टिपलेल्या रॉमधून पाकळ्यांच्या कडा वर काढता येतात. तोच प्रयत्न जेपेगवर केला की सावलीत पट्टे उमटतात.

पांढऱ्याचा समतोलही याच टप्प्यावर ठरतो. पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली टिपलेल्या हळदीत नवरीचा चेहरा, हळद आणि कापड एकाच रंगात बुडतात. रॉ असेल तर तिच्या शेजारच्या पांढऱ्या टोपीवर टिचकी मारून रंग ताळ्यावर आणता येतो. जेपेग करताना रंगावकाश (चित्रात मांडता येणाऱ्या रंगांची व्याप्ती) एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांना चालणारा, ठेवावा. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या भडक साड्यांचे काही रंग त्यात कापले जातात हे खरे, पण व्यापक रंगावकाशातले चित्र फोनवर फिके पडण्याची भीती त्याहून मोठी.

कॅननची सीआर२ व सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशी कंपनीगणिक वेगळी स्वरूपे आहेत. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे खुले स्वरूप आणले, तरी कंपन्यांची आपापली स्वरूपे चालूच राहिली. डेव्ह कॉफिन यांच्या डीसीरॉ या रॉ उघडणाऱ्या प्रणालीवर (१९९७) पुढच्या कित्येक मोफत प्रणाली उभ्या राहिल्या. डार्कटेबल आणि रॉथेरपी आज वापरात आहेत.

फाइलच्या नावापुढची अक्षरे बदलून काहीच होत नाही. बहुतेक रॉ फाइलींत कॅमेऱ्याने बनवलेले छोटे-मोठे जेपेग दडलेले असते. झटपट काम उरकणारी साधने तेवढेच बाहेर काढून देतात. घाईच्या लग्नसराईत निवडीसाठी ते पुरते, अल्बमला नाही.

तारीख, भिंग, ठिकाण या नोंदी सहसा जेपेगमध्येही उतरतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. त्यामुळे ठिकाणाचे नाव हाताने भरलेल्या संग्रहात शोध घेताना दोन्ही रूपे घालावी लागतात.