पंप तेल ‘ओढत’ नाही: टोलेडोच्या महापौरांचा रॉड

पंप पाणी ओढतो, असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात पंप नळीतला दाब कमी करतो आणि पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेचा दाब पाण्याचा जेमतेम 10 मीटरचा स्तंभ पेलतो; खनिज तेल हलकं, म्हणून फार तर 12 मीटर. तेलविहिरी तर शेकडो मीटर खोल! तिथे पंप थेट तळाशी सोडावा लागतो आणि तो हलवायला वरपासून खालपर्यंत एकाला एक जोडलेले रॉड लागतात.

हे रॉड पूर्वी लाकडी असत, टोकांना लोखंडी जोड असलेले. पुढे टोलेडोचे महापौर झालेले सॅम्युएल जोन्स यांनी खोल विहिरींसाठी लोखंडी रॉड बनवला. 1846 साली वेल्समध्ये जन्मलेले जोन्स लहानपणीच अमेरिकेत आले, पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रात राबले आणि 1894 साली ओहायोतल्या टोलेडो शहरात त्यांनी रॉडचा कारखाना काढला.

तळाच्या पंपाच्या नळकांड्यात दोन झडपा असतात. एक बुडाशी पक्की, दुसरी रॉडला जोडलेल्या, वर-खाली होणाऱ्या दट्ट्यात. दट्ट्या वर जाताना त्यातली झडप मिटते, वरचं सगळं तेल उचललं जातं आणि खालच्या झडपेतून नवं तेल आत शिरतं. दट्ट्या खाली येताना उलट: बुडाची झडप मिटते, दट्ट्यातली उघडते, तेल दट्ट्याच्या वर येतं. गंमत पुढे आहे. वर जाताना तेलाचा भार रॉडवर, खाली येताना तोच भार तेल वर नेणाऱ्या नळीवर. विहीर 1000 मीटर, दट्ट्या 44 मिलिमीटर व्यासाचा आणि पोलादी रॉड 19 मिलिमीटरचा धरला, तर हा भार सुमारे 1300 किलो भरतो आणि त्याने रॉड 20 सेंटिमीटरहून जास्त ताणला जातो. म्हणजे वरचं टोक तेवढं उचललं तरी खाली दट्ट्या हललेलाच नसतो! मिनिटाला 10 फेऱ्या धरल्या तर दिवसाला 14,400 वेळा हा भार चढतो-उतरतो. धातूला थकवा येतो आणि रॉड बहुधा जोडापाशी तुटतो. म्हणून खरी कसोटी जोडाची.

गावातला हापसाही याच तत्त्वावर चालतो. इंडिया मार्क 2 नावाचा हापसा ज्याच्यावरून घडला, तो पंप तर सोलापूरचा.

जोन्स यांच्या कारखान्यात नियमांची यादी नव्हती. भिंतीवर बायबलमधलं एकच वचन होतं: लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागावं. कामाचे तास आठ. 1897 साली ते रिपब्लिकन पक्षातर्फे महापौर झाले. 1899 साली पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा अपक्ष उभे राहून सुमारे 70 टक्के मतं घेतली. पालिकेच्या कामगारांनाही त्यांनी आठ तासांचा दिवस दिला, मुलांसाठी मैदानं आणि बालवाड्या काढल्या, पोलिसांच्या हातातले सोटे काढून साध्या छड्या दिल्या. 1904 साली मृत्यू येईपर्यंत ते महापौर होते.