गेम ‘डिलिस्ट’ होणं आणि गेम ‘बंद’ होणं: फरक काय?

‘तो गेम आता गेला.’ गेमर मंडळींत हे वाक्य सतत ऐकू येतं, पण नेमकं काय झालं ते त्यातून कळत नाही. गेला म्हणजे ऑनलाइन स्टोअरमधून काढला, की त्याचे सर्व्हर बंद केले? पहिल्याला डिलिस्ट होणं म्हणतात. त्याची झळ बसते ती ज्यांनी गेम अजून घेतलेला नाही त्यांना. सर्व्हर बंद होतात तेव्हा झळ बसते ती पैसे मोजून मोकळे झालेल्यांना. कंपन्यांच्या घोषणा मात्र दोन्ही वेळी सारख्याच हळव्या असतात. ‘सनसेट’ हा शब्द आणि इतक्या वर्षांच्या साथीबद्दल आभार. त्यामुळे घोषणा वाचूनही आपलं नेमकं काय जाणार आहे हे पुष्कळांना समजत नाही.

डिलिस्ट होण्यामागचं कारण बहुतेकदा साधं असतं: करार संपलेला असतो. रेसिंग गेममधल्या खऱ्या गाड्या, पार्श्वभूमीला वाजणारी गाणी, सिनेमातली किंवा कॉमिक्समधली पात्रं हे सगळं ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेलं असतं. मुदत सरली आणि नवा करार परवडेना, की नव्या प्रती विकता येत नाहीत. २०१८ साली आलेला ‘फोर्झा होरायझन ४’ याच कारणाने १५ डिसेंबर २०२४ रोजी विक्रीतून काढला गेला. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांना तो नंतरही डाउनलोड करता आला, खेळता आला. डिलिस्ट झालेला गेम कधीकधी परतही येतो. ‘ॲलन वेक’ गाण्यांच्या परवान्यांमुळे मे २०१७ मध्ये स्टोअरमधून गेला आणि पुढच्या वर्षी परतला. ‘स्कॉट पिलग्रिम’ या कॉमिक्सवरचा गेम २०१४च्या अखेरीला गेला, त्याला परतायला जानेवारी २०२१ उजाडावं लागलं.

सर्व्हर बंद झाल्यावर असं परतणं फार क्वचित घडतं. कंपनीच्या बाजूला चालणारा गेमचा भाग तुमच्या हाती कधी आलेलाच नसतो. तुम्ही डाउनलोड करता ती चित्रं, आवाज, नकाशे आणि प्रोग्रामचा एक हिस्सा. लॉगिनची खातरजमा, तुमची प्रगती, कधीकधी तर मोहिमांचा हिशेबसुद्धा दूरच्या मशीनवर राहतो. ते मशीन थांबलं की हार्ड डिस्कवरच्या कित्येक जीबी फायली जागच्या जागी असूनही गेम सुरू होत नाही. दुकानातून गेमची डिस्क घेतली म्हणून आपण सुरक्षित, ही समजूतही इथे खोटी ठरते.

युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चं उदाहरण म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतं. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या या रेसिंग गेममध्ये एकट्याने खेळायची पूर्ण कथा होती. तरी तो सतत सर्व्हरला जोडलेला असणं सक्तीचं होतं. १४ डिसेंबर २०२३ रोजी त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळणाऱ्याचा गेमही त्याच दिवशी संपला. मग एप्रिलमध्ये अनेकांच्या लक्षात आलं, की खात्यावरचा परवानासुद्धा काढून घेतला आहे. ओरड झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने या मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नव्हतं. विकतानाच त्याची तजवीज करायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

या उदाहरणातच गोंधळाचं मूळही दिसतं. बंद होणाऱ्या गेमची विक्री आधी थांबते, म्हणून सुरुवातीला दोन्ही घटना सारख्याच दिसतात. घोषणेत सर्व्हर बंद होण्याची तारीख दिली आहे का, ते शोधावं. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या गेम खेळायच्या मशीनवर दोन्ही घटना सुट्या सुट्या पाहायला मिळतात. २७ मार्च २०२३ रोजी त्यांच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली, पण घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करता येत राहिले. ८ एप्रिल २०२४ रोजी ऑनलाइन खेळण्याची सोय गेली. एकट्याने खेळायचे गेम त्यानंतरही चालत राहिले.

डिलिस्ट झालेला गेम आपल्यापाशी कायमचा राहील, असंही धरून चालू नये. कोनामीचा ‘पी. टी.’ हा फुकट डेमो एप्रिल २०१५ मध्ये प्लेस्टेशनच्या स्टोअरवरून गेला आणि पुढे तो आधी घेतलेल्यांनाही पुन्हा उतरवून घेता येईना. ज्यांनी जागा मोकळी करायला तो डिलीट केला होता त्यांच्या हातून तो गेलाच. डेमो आत असलेली वापरलेली कन्सोलं मग चढ्या भावाने विकायला निघाली. पुन्हा डाउनलोड करता येणं ही सोय स्टोअर चालू ठेवील तोवरच असते.

पैसे परत मिळण्याबाबतही दोन्हींत फरक आहे. गेम नुसता डिलिस्ट झाला असेल तर तो प्रश्नच येत नाही. सर्व्हर बंद झाले तर सगळं कंपनीच्या मर्जीवर. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. कंपनीने सगळ्यांचे पैसे परत केले. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये इंटरनेटवरून गेम खेळू देणारी स्टेडिया ही सेवा गुंडाळली तेव्हा स्टेडियाच्या स्टोअरमधून घेतलेले गेम आणि गूगलच्या स्टोअरमधून घेतलेली उपकरणं, दोन्हींचे पैसे दिले. ‘नॉकआउट सिटी’च्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवता येतील अशी पीसी आवृत्ती देऊन टाकली. मला हा शेवट सर्वांत सभ्य वाटतो, कारण त्यात पैसे परत मिळाले नाहीत तरी गेम हाती राहतो.

कायदा अजून शब्दांपाशीच अडला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, विकला जातोय तो केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूला ‘खरेदी’ म्हणता येत नाही. कायमस्वरूपी ऑफलाइन उतरवून ठेवता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. याच सुमारास स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ घातली. ग्राहकाला खरं कळतं, हे चांगलंच. पण सर्व्हर बंद करण्यापासून हा कायदा कुणाला रोखत नाही. त्यापुढची मागणी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या चळवळीची आहे. रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘द क्रू’ बंद झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये ही चळवळ सुरू केली आणि युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५पर्यंत दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपन्यांनी सर्व्हर कायम चालवावेत असं ती म्हणत नाही. सेवा थांबवताना गेम खेळण्याजोग्या स्थितीत ठेवा, एवढीच तिची मागणी. खासगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती आणि सुरक्षितता सांभाळता येणार नाही, असा कंपन्यांच्या संघटनेचा आक्षेप आहे. निव्वळ ऑनलाइन गेमच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. एकट्याने खेळायच्या कथेला तो लागू होत नाही.

गेम घेण्याआधी त्याच्या पानावर ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ अशी सूचना कुठे आहे ते पाहावं आणि ती केवळ बहुखेळाडू भागापुरती आहे की सगळ्या गेमला लागू आहे, हेही वाचावं. जीओजीसारख्या स्टोअरवर इन्स्टॉलरची, म्हणजे गेम बसवण्याची, फाईल स्वतःच्या डिस्कवर काढून ठेवता येते. तिथे एकट्याने खेळायचा गेम घेतला तर पुढे तो डिलिस्ट झाला तरी फारसं बिघडत नाही. आणि स्टीमवर पैसे परत मागायला १४ दिवस मिळतात, खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर. तेवढ्या मुदतीत गेम एकदा सुरू करून बंद करावा, स्टीम ऑफलाइन मोडवर टाकावं, नेट काढावं आणि गेम पुन्हा चालू होतो का ते बघावं.